नदी दिसली, पण भलतीच

पत्र (थोडं आटोपशीर करून):

‘नमस्कार. मी एकसष्ट वर्षांची, बँकेतून निवृत्त. राहायला पुण्यात, माहेर शिरोळ तालुक्यातलं. गाणं ऐकायची सवय लहानपणापासून: ख्याल, नाट्यपदं, भजनं. आमच्या सोसायटीतले एक काका दर रविवारी पाश्चात्त्य संगीत ऐकवतात. आधी गोष्ट सांगतात, मग लावतात, आणि मध्येच थांबवून विचारतात, “दिसलं का?” सगळे म्हणतात दिसलं. बर्लिओझ नावाच्या फ्रेंच माणसाची सिंफनी लावली तेव्हा सगळ्यांना प्रियकराचं डोकं उडताना दिसलं, चेटकिणी नाचताना दिसल्या. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. पुढच्या रविवारी “व्हल्टावा” लावलं, नदीवरचं. त्यात मात्र दिसलं, पण तिकडची नदी नाही. आमची पंचगंगा दिसली, २०१९ च्या ऑगस्टमधली. डोळ्यांत पाणी आलं. मी तसं सांगितलं तर काका म्हणाले, “ताई, तिथे पूर नाहीये, नदी खडकांवरून जातेय. संगीतकाराने तसं लिहून ठेवलंय.” माझं चुकलं का? गोष्ट आधी ऐकावी की नंतर? आणि जाता जाता एक बारीकसा प्रश्न: या संगीतात टाळी कधी वाजवायची? मी एकदा भलत्याच ठिकाणी वाजवली.’

— एक श्रोती, पुणे

ताई,

‘काकांचंही बरोबर आणि तुमचंही बरोबर’ असं गुळमुळीत उत्तर देऊन मी सुटणार नाही. काकांचं थोडं चुकलंय. हौसेने माणसं जमवून ऐकवतात, त्याबद्दल त्यांना शंभर गुण. पण संगीत मध्येच थांबवून “दिसलं का?” विचारायचं म्हणजे ख्याल रंगात आला असताना गवयाला थांबवून “हे कुठलं अंग?” विचारण्यासारखं झालं. शिवाय त्या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे, की चित्र सुरांत भरून ठेवलंय आणि चांगल्या कानाच्या माणसाला ते दिसायलाच हवं. तसं ते भरलेलं नसतं.

आधी ते उडणारं डोकं बघू. बर्लिओझची ‘सिंफनी फँटास्टिक’, म्हणजे वाद्यवृंदासाठीची पाच भागांची मोठी रचना, पॅरिसमध्ये ५ डिसेंबर १८३० ला पहिल्यांदा वाजली. गड्याला सत्तावीस पुरी व्हायला सहा दिवस कमी होते. तीन वर्षांपूर्वी इंग्रजी नाटक कंपनीच्या ‘हॅम्लेट’मध्ये त्याने हॅरिएट स्मिथसन या आयरिश नटीला ऑफेलियाच्या भूमिकेत पाहिलं होतं आणि तो पार वेडा झाला होता. त्या वेडातून ही सिंफनी आली. श्रोत्यांसाठी त्याने गोष्ट छापून घेतली: एक तरुण कलावंत प्रेमभंगाने अफू घेतो, मात्रा मरण्याइतकी पडत नाही, आणि त्याला स्वप्नं पडतात. या छापील पत्रकालाच तिकडे ‘प्रोग्राम’ म्हणतात, आणि ‘प्रोग्राम म्युझिक’ हे नाव त्यावरूनच पडलं. गोष्टीतल्या प्रेयसीसाठी एक धून ठरलेली. पाचही भागांत ती येते, दर वेळी वेगळ्या वेषात.

चौथ्या भागात स्वप्नातला नायक प्रेयसीचा खून करून बसलाय आणि त्याला गिलोटीनकडे नेताहेत. नगारे, पितळी वाद्यं, सैनिकी कूच. शेवटाकडे सगळं एकदम थांबतं. एकच क्लॅरिनेट उरते आणि तिच्यावर ती धून सुरू होते, अगदी हळुवार. चार आवर्तनंही नाहीत, चार मात्रागट फक्त. तेवढ्यात सगळा वाद्यवृंद एक जोरदार आघात करतो आणि धून तिथल्या तिथे तुटते. पाठोपाठ तंतुवाद्यांवर बोटांनी छेडलेले दोन-चार सूर खाली उतरतात. ऐकवणारे इथे हमखास सांगतात, “हे बघा, डोकं टोपलीत पडलं!” आता गंमत अशी की बर्लिओझच्या पत्रकात डोकंही पडत नाही आणि टोपलीही नाही. त्याने एवढंच लिहिलं: धुनीचे सुरुवातीचे चार मात्रागट परत येतात, प्रेमाची शेवटची आठवण यावी तसे, आणि घाव त्यांना तोडतो. टोपली लोकांनी आणून ठेवली. दोनशे वर्षं होत आली, तिथेच आहे.

अजून ऐका. ती प्रेयसीची धून आहे ना, ती त्याने १८२८ साली एका स्पर्धेसाठी केलेल्या रचनेत आधीच वापरली होती. त्या रचनेची नायिका निराळीच होती. आणि कूच आली ती रंगमंचावर कधी न आलेल्या त्याच्याच एका ऑपेरातून. तिथे ती पहारेकऱ्यांची होती. तिच्या शेवटी क्लॅरिनेटचा तुकडा जोडला आणि तीच कूच गिलोटीनकडे निघाली. पुढे १८५५ साली सिंफनी नव्याने छापून आली तेव्हा त्याने स्वतःच सांगून टाकलं, की मैफलीत ही एकटी वाजवायची असेल तर पत्रक वाटलं नाही तरी चालेल, भागांची नावं पुरे.

म्हणजे फसवणूक का? अजिबात नाही. तुम्ही नाट्यपदं ऐकत आलात, तुम्हाला हे नवीन नाही. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच कुठल्या गाण्याचा मुखडा दिलेला असतो. त्या चालीवर तिथे वेगळे शब्द होते, वेगळा प्रसंग होता. इथे सुभद्रा रुसली आणि चाल तिची झाली. आपण कधी तक्रार केली नाही. चालीत एक वजन असतं, एक ओढ असते, एक चढउतार असतो, आणि तो ज्या ज्या प्रसंगाला शोभेल त्याला ती लागू पडते. नाव कळलं की आपलं मन पुढचं काम करून टाकतं.

यावरून माझीच एक फजिती सांगतो. कॅसेटच्या जमान्यात एका मित्राच्या तबकड्यांवरून मी दोन रचना भरून घेतल्या होत्या. एका बाजूला मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराची ‘फिंगल्स केव्ह’, म्हणजे स्कॉटलंडच्या समुद्रातली गुहा, आणि दुसऱ्या बाजूला तुमची ‘व्हल्टावा’. दोन्ही दहा-बारा मिनिटांच्या, दोन्ही पाण्याच्या. नावं लिहिताना बाजूंची अदलाबदल झाली. पुढची दोन वर्षं मी नदीत समुद्र ऐकला आणि समुद्रात नदी. नुसता ऐकला नाही, चार लोकांना बसवून समजावूनही सांगितला. समुद्रात गावातल्या लग्नाची वरात कुठे जाते हेसुद्धा मी दाखवायचो! लोक माना डोलवायचे.

बरं, ही फजिती फार मोठ्या माणसाच्या पंगतीतली आहे. रॉबर्ट शूमन. स्वतः उत्तम संगीतकार आणि नावाजलेला समीक्षक. १८४३ साली त्याच्यापुढे मेंडेल्सनची ‘स्कॉटिश’ सिंफनी आली. तिचा जन्म इटलीत झाला अशी चुकीची माहिती त्याला मिळाली होती. त्याने समीक्षेत लिहिलं, की ही ऐकताना माणूस इटलीच्या आकाशाखाली जातो. धुकं आणि पडके राजवाडे मनात धरून सुरू झालेली सिंफनी, आणि शूमनला त्यात ऊन दिसलं. तेव्हा तुम्हाला पंचगंगा दिसली यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?

आणि तो मेंडेल्सन तरी! ‘फिंगल्स केव्ह’ची सुरुवात त्याने घरी पाठवलेल्या पत्रात लिहून काढली ती ७ ऑगस्ट १८२९ ला. गुहा त्याने पाहिली दुसऱ्या दिवशी, आणि बोट लागून बेजार झालेला असताना.

आता चेटकिणींचं. तुम्हाला काहीच दिसलं नाही याला दुसरंही एक कारण आहे, आणि ते तुमच्या कानात नाही, तुमच्या जन्मगावात आहे. सनई सुरू झाली की आपल्याला मांडव दिसतो. संबळ वाजला की गोंधळ. प्राग शहरातल्या एखाद्या आजोबांना पत्रावळीवर बसवून सनई ऐकवली तर त्यांना मांडव दिसेल का? त्यांना एक नाकातून बोलणारं वाद्य ऐकू येईल. तसंच उलट. हॉर्न वाजला की तिकडच्या माणसाला रान आणि शिकार आठवायची, कारण शिकारीत खरोखर हॉर्न फुंकत. ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) म्हटलं की मेंढपाळ. बर्लिओझच्या पाचव्या भागात घंटा वाजतात आणि जाड आवाजाची वाद्यं एक संथ, जडशीळ चाल वाजवतात. ती ‘दिएस इरे’ची, कॅथलिक अंत्यविधीतल्या जुन्या लॅटिन स्तोत्राची चाल आहे. पॅरिसच्या श्रोत्याने ती लहानपणापासून मयताच्या प्रार्थनेत ऐकलेली. तीच चाल चेटकिणींच्या धुडगुसात, टवाळी करत वाजतेय हे कळल्यावर त्याच्या अंगावर काटा येणारच. गोव्यातल्या जुन्या, लॅटिन प्रार्थना ऐकलेल्या पिढीतल्या कॅथलिक माणसालाही येईल. तुम्हाला आणि मला कशाने येणार? आपल्याला ती फक्त एक संथ चाल. अशी गोष्ट मात्र आधी सांगितलेली बरी. काकांनी चेटकिणींऐवजी या चालीबद्दल दोन वाक्यं सांगितली असती तर तुमचा रविवार वाया गेला नसता.

नुसती नक्कल हा आणखी एक प्रकार. कोकीळ, मेंढ्या, गडगडाट. तबल्यावर आगगाडी वाजवून टाळ्या घेतात, त्यातला. चांगला कलावंतही कधीकधी करतो आणि मजा येते, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आगगाडी आठवत नाही. बेथोवेनने १८०८ च्या ‘पॅस्टोरल’ सिंफनीत बुलबुलासारखे, लाव्यासारखे, कोकिळेसारखे आवाज काढले खरे, पण वर लिहून ठेवलं: चित्रण कमी, भावनेचा उद्गार जास्त. त्याच्या मागून आलेल्या सगळ्यांनी हे वाक्य पाठ केलं आणि अर्ध्यांनी पाळलं नाही.

पण गोष्ट कधीच सुरांत नसते असं मी म्हणत नाही. तुम्ही बर्लिओझच्या त्याच सिंफनीचा तिसरा भाग एकदा ऐका, एकट्या, रात्री, पत्रक बाजूला ठेवून. सुरुवातीला एक वाद्य हाक मारतं, त्याला इंग्लिश हॉर्न म्हणतात, दिसायला ओबोचा थोरला भाऊ. दुरून, मंचाच्या आडून, एक ओबो तिला ओ देतो. हाक, ओ. हाक, ओ. मग बराच वेळ दुसरंच काही चालतं. अगदी शेवटी इंग्लिश हॉर्न पुन्हा तीच हाक मारतो. आणि ओ येत नाही. लांबवर नगाऱ्यांचा घुमारा तेवढा येतो. तो काढायला बर्लिओझने चार माणसं बसवलीत, हळू वाजवायला चार माणसं. पुन्हा हाक. पुन्हा घुमारा. संपलं. इथे मेंढपाळ आहेत की नवराबायको आहेत की मायलेकी, ते तुमचं तुम्ही ठरवा. हाकेला ओ आली नाही हे मात्र कुणाला सांगायला लागत नाही. ते सुरांतच आहे.

आता नदी.

‘व्हल्टावा’चा चेक संगीतकार बेद्रिख स्मेताना ऑक्टोबर १८७४ मध्ये दोन्ही कानांनी ठार बहिरा झाला. पन्नास वर्षांचा होता. ‘व्हल्टावा’ त्याने लिहायला घेतली २० नोव्हेंबरला आणि पुरी केली ८ डिसेंबरला. म्हणजे ही नदी त्याने कानांनी कधी ऐकलीच नाही. सहा रचनांची माळ आहे, ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझा देश’, त्यातला हा दुसरा मणी.

तिची सुरुवात तुमच्या ओळखीची आहे, ती अशी. एक बासरी, मग दुसरी, एकीचा सूर संपायच्या आत दुसरी तो उचलते. मधूनच व्हायोलिनची तार बोटाने छेडलेली आणि हार्पचा एखादा ठिपका, पानावरून थेंब पडावा तसा. मग क्लॅरिनेट येऊन मिळतात. दोन उगम आहेत या नदीला. त्यांना तिकडे गरम व्हल्टावा आणि गार व्हल्टावा म्हणतात. तुम्ही शिरोळच्या. कृष्णा आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला मिळतात ते तुम्ही किती वेळा पाहिलं असेल. दोन पाण्यांचा एक प्रवाह होतो तेव्हा काय होतं हे तुम्हाला काकांपेक्षा जास्त माहीत आहे, आणि तुमच्या कानाने ते बरोबर ओळखलं. मग दादऱ्याच्या वजनात झुलणारी मोठी धून येते, पायरी पायरीने वर चढते आणि घरंगळत खाली येते. गंधार कोमल. हाच तुमचा मुखडा समजा. पुढे शिकारीचे हॉर्न येतात, किनाऱ्यावरच्या गावात लग्नाचा नाच येतो, चांदण्यात जलपऱ्या येतात (तिथे व्हायोलिन इतक्या वर आणि इतक्या दबक्या आवाजात जातात की श्वास रोखला जातो), आणि मग मुखडा परत. सम शोधत बसू नका, मुखड्याची वाट बघा. ख्यालातल्या अस्ताईवर पोसलेल्या कानाला ही वाट बघायची सवय असतेच.

त्यानंतरचा तुमचा पूर. काका म्हणतात ते बरोबर आहे, स्वरलेखनाच्या पोथीत तिथे ‘सेंट जॉनचे प्रपात’ असं छापलंय. खडकाळ पात्रातून पाणी आदळत जातं ती जागा. पण काकांना हेही सांगा, की ते प्रपात आता नाहीत. १९४० च्या दशकात तिथल्या धरणाच्या पाण्याने ते बुडाले. आजचा चेक माणूस ऐकतो तेव्हा त्यालाही आठवणीतलं, नाहीतर ऐकीव पाणीच दिसतं. तुम्ही पाहिलेलं पाणी निदान खरं होतं.

एक तपासून बघा मात्र. पूर चढतो तो हळूहळू, पायरी पायरीने, रात्रभर काठी रोवून मोजत बसावं लागतं. वाडीला तर तो चढावा म्हणून लोक वाट बघतात, पादुकांवरून पाणी जाऊन दक्षिणद्वार होईपर्यंत. या संगीतातलं पाणी तसं चढत नाही. ते आदळतं, फुटतं, मागे येतं, पुन्हा आदळतं. झांजा आणि पिकोलोची, म्हणजे चिमुकल्या बासरीची, किंकाळी ऐका. आणि त्यातून सुटल्यावर मुखडा पुन्हा येतो तो षड्ज तोच ठेवून, पण गंधार शुद्ध होऊन. कोमल गंधाराची नदी शुद्ध गंधाराची झाली. पात्र रुंद झालं, प्राग आलं. २०१९ मध्ये पाणी ओसरल्यावर मागे राहिला तो चिखल होता, तुम्हाला मी काय सांगावं. तेव्हा स्मेतानाची नदी आणि तुमची नदी इथपर्यंत बरोबर येतात आणि इथे वेगळ्या होतात. तुम्ही रडलात ते बहुधा त्या वेगळं होण्याच्या जागी. हा माझा अंदाज. पुन्हा ऐकून सांगा.

गोष्ट आधी की नंतर? माझी पद्धत सांगतो. पहिल्यांदा फक्त नाव घ्यायचं आणि ऐकायचं. दुसऱ्यांदा यूट्यूबवर वाद्यवृंद वाजवतानाचं चित्रीकरण बघायचं, म्हणजे कुठला आवाज कुठल्या डब्यातून येतो ते कळतं. दोन बासऱ्या एकमेकींकडे बघत सूर कशा देतात-घेतात ते बघण्यासारखं असतं. गोष्ट तिसऱ्या वेळी. नदीची, डोंगरांची हलती चित्रं जोडलेले व्हिडिओ मात्र लावू नका. एकदा कुणी चित्र डोक्यात घातलं की ते निघत नाही. द्युकासची ‘सॉर्सरर्स अप्रेंटिस’ मी शंभरदा ऐकली असेल, मला अजून डिस्नीच्या सिनेमातला मिकी माऊसच दिसतो.

आणि काकांना एक खेळ सुचवा. पुढच्या रविवारी नाव न सांगता काहीतरी लावा, प्रत्येकाने चिठ्ठीवर काय वाटलं ते लिहा, मग चिठ्ठ्या वाचा. कुणाला लग्न दिसेल, कुणाला बस चुकलेली दिसेल. पण ‘काहीतरी जवळ येतंय’, ‘काहीतरी तुटलं’, ‘थांबून राहिलंय’ हे बहुतेक चिठ्ठ्यांत सारखं निघेल. त्या सारख्या निघालेल्या गोष्टींवर बोला. बस चुकली त्यावरही बोला, चहा होईपर्यंत.

राहिली टाळी. सिंफनीचे भाग असतात, दोन भागांच्या मध्ये हल्ली वाजवत नाहीत. तेव्हा निवेदकाच्या हातातल्या कागदावर किती भाग आहेत ते आधी बघून ठेवा. तुम्ही मध्येच वाजवलीत म्हणून कुणी हसलं असेल तर त्याला सांगा, की बर्लिओझच्या काळी लोक सर्रास मध्येच वाजवायचे. ‘व्हल्टावा’चं मात्र जपा. शेवटी नदी प्राग ओलांडून लांब जाते, आवाज विरत विरत अगदी व्हायोलिनांच्या कुजबुजीवर येतो, आणि सभागृहात कुणीतरी हात उचलतोच. तुम्ही उचलू नका. अजून दोन ठोके यायचे आहेत, चांगले दणदणीत.